नावं वगळलेली चाळीस माणसं

मेघना तिरोडकरला चाळीस माणसं हवी होती, आणि तीही सहीनिशी.

लालबागच्या मोरेश्वर भुवनात माणसं मिळवायला कष्ट पडत नाहीत. चार मजले, ब्याण्णव खोल्या, आणि गॅलरीत उभं राहून कुणी जोरात शिंकलं तरी दहा दारांतून डोकी बाहेर येतात. अडचण माणसांची नव्हती. ती कशासाठी हवीत, हे समजावून सांगण्याची होती.

"बायोमेडिकल इन्फर्मेटिक्स," मेघना दौलतरावांना म्हणाली. दौलतराव चाळ कमिटीचे सेक्रेटरी. वय एकाहत्तर. गिरणी बंद पडल्यापासून ते चाळच चालवत आले होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी त्यांच्या कानावर घालावी लागे.

"म्हणजे डॉक्टरकी?"

"नाही, काका."

"मग कॉम्प्युटर?"

"अर्धं ते. माणसांच्या आजारांची माहिती नीट गोळा करायची, कॉम्प्युटरवर मांडायची आणि त्यातून काय दिसतं ते शोधायचं. त्याचा ग्रॅज्युएट सर्टिफिकेट कोर्स करतेय मी. वर्षभराचा. शेवटचा प्रोजेक्ट राहिलाय."

दौलतरावांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे कोणाला काय झालंय ते दारोदार विचारत फिरायचं."

"तसंच काहीसं."

"ते तर आमच्या आनंदीबाई विनाकोर्स करतात," दौलतराव म्हणाले आणि त्यांनी परवानगी दिली.

मेघना परळच्या एका इस्पितळात रेकॉर्ड विभागात सोळा वर्षं नोकरी करत होती. सोळा वर्षं तिनं फायलींना नाड्या बांधल्या आणि सोडल्या, आणि एवढ्या वर्षांत एका पेशंटच्या वयातला एक आकडाही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आता इस्पितळानं सगळं कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं. पाचव्या मजल्यावर नवा विभाग तयार झाला, एसी बसले, खुर्च्या आल्या. मोठे साहेब मेघनाला म्हणाले, "एक तारखेला सर्टिफिकेट माझ्या टेबलावर असेल तर पाचवा मजला. नसेल तर शिवडी." शिवडीला इस्पितळाचं गोदाम होतं. जुन्या फायली तिकडे जात, आणि त्यांच्या सोबतीला एक माणूस. आधीचा माणूस नुकताच निवृत्त झाला होता आणि निरोप समारंभाला त्याला एकही जण ओळखत नव्हता.

म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मेघना विद्यार्थिनी झाली. शनिवार-रविवार ऑनलाइन वर्ग, एका कानात इअरफोन, दुसरा कान कुकरकडे. नवरा विनीत शक्य ती सगळी मदत करी. म्हणजे दर दहा मिनिटांनी आत डोकावून "तुला डिस्टर्ब नाही ना करत?" असं विचारी. सासूबाई, शेवंतीबाई, चाळीत अभिमानानं सांगत, "माझी सून आता रोगांची शाळा शिकता."

प्रोजेक्टचा नियम सोपा होता. कमीत कमी चाळीस माणसांची आरोग्याची माहिती घ्यायची, प्रत्येकाची लेखी संमती घ्यायची, नावं वगळायची आणि उरलेल्या माहितीचा अभ्यास करायचा. एकोणचाळीस चालणार नाहीत. तिची मार्गदर्शक होती अपेक्षा मॅडम. मॅडम तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होत्या, तिला "मेघनाताई" म्हणायच्या आणि नियमाच्या बाबतीत अजिबात ताईबिई ओळखायच्या नाहीत.

मेघना दोन आठवडे खोल्या पालथ्या घालत होती. आधी सगळ्यांनी ठरावीक उत्तरं दिली. तब्येत बरी, जेवण साधं, झोप छान. मग ती म्हणायची, "नाव लिहिणार नाहीये मी. नावाच्या जागी नुसता नंबर. ल-एक, ल-दोन, ल-तीन. कुणाला कळणार नाही." हे ऐकलं की समोरचा माणूस आधी दाराकडे बघायचा, मग खुर्ची जवळ ओढायचा आणि मग धरणाचे दरवाजे उघडायचे.

दुसऱ्या मजल्यावरचे महादेव हे बेस्टचे ड्रायव्हर. आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "दोनशे ऐंशी आहे साखर. ही रोज सकाळी कारल्याचा रस देते मला. वर्ष झालं. आणि मी डेपोत दोन जिलब्या खातो. रोज. कधी तीन."

"काका!"

"तुला खरं सांगितलं. तू फायलीतली माणूस. तुझ्याकडून बाहेर जाणार नाही."

मेघनानं ते सगळं लिहून घेतलं. चाळिसावा माणूस मिळेना, तेव्हा तिनं विनीतलाच बसवलं. घरकामात दररोज किती वेळ, या प्रश्नाला विनीतनं "दोन तास" असं उत्तर दिलं. मेघनानं पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. पण नियम होता की माणूस जे सांगेल तेच लिहायचं. तिनं दोन तास लिहिलं.

चूक पुढे झाली, आणि ती मेघनाच्या प्रामाणिकपणातून झाली. कोर्सच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की सहभागी व्यक्तींना त्यांच्या माहितीचा सारांश पाहायला मिळावा. मेघनाला वाटलं, चाळीनं एवढं मनापासून सांगितलं, तर सारांश कसला, पूर्णच दाखवू. नावं तर नाहीतच. बुधवारी संध्याकाळी तिनं चाळीसच्या चाळीस ओळींचा तक्ता छापला आणि तळमजल्यावरच्या फळ्यावर लावला, पाण्याच्या वेळा आणि सत्यनारायणाच्या वर्गणीच्या मधोमध. वय, मजला, कामधंदा, आजार, खाणं, सवयी. मग ती समाधानानं वर गेली आणि तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

तासाभरानं विनीत खालून आला. त्याचा चेहरा पडला होता.

"खाली सगळे ओळखतायत."

"काय ओळखतायत?"

"सगळ्यांना. एकेक नंबर घेऊन ओळखतायत. एकोणचाळीस झाले."

मेघनाच्या हातातली परात सटकली. "आणि चाळिसावा?"

"तो मी," विनीत म्हणाला. "दोन तास घरकाम करणारा पुरुष या चाळीत नाही, असं सगळ्यांचं एकमत झालंय. तो बाहेरचा कुणीतरी असणार म्हणतात. आईसुद्धा तेच म्हणाली."

मेघना धावत खाली गेली तेव्हा फळ्याभोवती पन्नास माणसं होती. तिनं तक्ता फाडून काढला, पण त्याला काही अर्थ नव्हता. निम्म्यांनी फोटो काढले होते आणि उरलेल्यांना पाठ होता. ल-सात, पुरुष, चौपन्न, दुसरा मजला, बेस्ट चालक, साखर दोनशे ऐंशी, गोड रोज दोन-तीन नग, घराबाहेर. दुसऱ्या मजल्यावर बेस्टचे चालक एकच. ल-अकरा, पुरुष, एकाहत्तर, व्यायाम शून्य दिवस. रोज पहाटे टोपी घालून, काठी घेऊन 'चार राउंड' मारायला जाणारे दौलतराव प्रत्यक्षात नाक्यावरच्या हॉटेलात बसून मस्कापाव खातात, हे उजेडात आलं. ल-एकोणीस, पुरुष, अडुसष्ट, ऐकू येणे: उत्तम. हे बुधाजी. बुधाजी गेली सहा वर्षं बहिरे होते. त्यांना कमिटीवर घेतलं जात नव्हतं, घरात भांडणात ओढलं जात नव्हतं आणि सगळी चाळ त्यांच्याशी हातवारे करून बोलत होती. सगळ्यात मोठा भडका मात्र वयाच्या रकान्यावरून उडाला. तळमजल्यावरच्या कमळाबाई, मासे विकणाऱ्या, त्या एकसष्ट वर्षांच्या निघाल्या. चाळीच्या मते त्या गेली बरीच वर्षं पंचावन्नच्या होत्या.

गुरुवारी सकाळी पहिली थाप दारावर पडली. कमळाबाई टोपली घेऊन बाजाराला निघाल्या होत्या.

"तुझ्या कागदावर चौथं कलम हाय," त्या म्हणाल्या. "कधी पण, कारण न सांगता नाव मागं घेता येतं. हाय ना?"

होतं. मेघनानंच ते सुबक मराठीत लिहिलं होतं.

"मी मागं घेते."

"कमळाबाई, प्लीज. चाळीसच माणसं आहेत माझ्याकडे. एक गेला तरी सगळं गेलं. रविवारी द्यायचंय."

कमळाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. "मग एकसष्टचं पंचावन कर. सही ऱ्हाऊ दे."

शेवंतीबाई आतून लगेच म्हणाल्या, "करून टाक गो! तिचा वय काय, तुझ्या बापाचा जाता?"

एक आकडा. कुणाला कळणार होतं? पण सोळा वर्षांत जे केलं नाही ते सर्टिफिकेटसाठी करायचं, आणि त्या सर्टिफिकेटवर पुढे इस्पितळाच्या सगळ्या आकड्यांची राखण करायची, हे काही मेघनाच्या गळ्याखाली उतरेना.

"नाही करता येणार, कमळाबाई."

"मग एकोणचाळीस," कमळाबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

त्या दिवसभर दाराला उसंत नव्हती. कुणाला वजनातले सहा किलो कमी हवे होते, कुणाला तंबाखू काढून तिथे बडीशेप हवी होती. दौलतराव कमिटीच्या लेटरहेडवर अर्ज घेऊन आले, की शून्य दिवसांच्या जागी 'अनियमित' असा शब्द वापरण्यात यावा. बुधाजींनी तर सवयीनं हातवारे करूनच माघार घेतली. मेघना प्रत्येकाला नाही म्हणत गेली आणि प्रत्येक नाहीला एक माणूस कमी होत गेला. शुक्रवारी दुपारी तिच्याकडे सव्वीस उरले.

सगळ्यात जास्त मनाला लागली ती महादेवांची माघार. ते भांडले नाहीत. दारात उभे राहिले, माघारीच्या कागदावर सही केली आणि एवढंच म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं, मेघना. तुला." आनंदीबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. नुसता कारल्याचा रस पेल्यात ओतून समोर आदळत होत्या, आणि पेला आता मोठा झाला होता.

मेघना आत जाऊन मोरीपाशी बसली आणि रडली. शिवडीचं रडू त्यात होतंच, पण जास्त होती ती शरम. माणसांनी विश्वासानं सांगितलेलं तिनं पाण्याच्या वेळेशेजारी टांगलं होतं.

मग तिनं अपेक्षा मॅडमना फोन केला.

"फळ्यावर?" मॅडम म्हणाल्या. "मेघनाताई, फळ्यावर?"

"नावं काढली होती, मॅडम."

"आणि तरी ओळखलं? किती जणांना?"

"एकोणचाळीस. एका तासात."

"नियम चाळीसचाच आहे, ताई. विषय बदलायचा असेल तर रविवारी दुपारी बारापर्यंत बदलता येतो. पण दोन दिवसांत तुम्ही नवीन काय करणार?"

संध्याकाळी मेघना एकेकाच्या दारात जाऊन माफी मागत फिरू लागली. पहिलं दार दौलतरावांचं. ते तोंड फिरवून बसले होते. माफी मागून झाल्यावर जाता जाता तिनं सहज विचारलं, "पण काका, चौथ्या मजल्यावर त्याच वयाच्या तीन बायका आहेत. तिघींचे गुडघे दुखतात. ल-तेहतीस म्हणजे कोण ते तुम्ही कसं ओळखलंत?"

दौलतराव वळले. चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथे एखाद्या गवयाला बंदिशीबद्दल विचारावं तसा भाव आला. "सोपं आहे. गुडघा डावा लिहिलायस. चौथ्या मजल्याचा जिना डावीकडून चढतात ते शेवटच्या चार खोल्यांतले. त्यात तिघींपैकी दोघी राहिल्या. त्यातली एक उपास करत नाही. तुझ्या कागदावर सोमवार, गुरुवार दोन्ही उपास. झालं!"

मेघना तिथेच जमिनीवर बसली. "काका, परत सांगा. सावकाश."

तिनं पेन काढलं. दौलतरावांनी परत सांगितलं, आणि मग ल-चौदा सांगितला, मग ल-बावीस. ल-बावीसवर आनंदीबाई दारातूनच म्हणाल्या, "चुकताय तुम्ही भाऊजी. तो मी ओळखला होता. झोपेच्या वेळेवरून. त्यांच्या खोलीतला दिवा साडेनऊला जातो." बाहेरून आणखी कुणीतरी म्हणालं की दिवा सगळ्यांत आधी आपण पाहिला होता.

मेघनाच्या मनात एकदम काहीतरी लख्ख झालं. आजारी म्हणून कागदावर राहायला कुणी तयार नव्हतं. पण ओळखणारा म्हणून सगळी चाळ तयार होती, आणि रांग लावून तयार होती. तिनं विषय बदलला. नावं वगळली म्हणजे माणूस लपतो का, आणि एकमेकांना रोज पाहणारी माणसं कोणत्या खुणांवरून त्याला शोधून काढतात. यात कुणाची साखर नको, कुणाचं वय नको. फक्त ओळखणाऱ्यानं सांगायचं, मी कसं ओळखलं.

शनिवार संध्याकाळपर्यंत तिच्याकडे एकशे बारा संमतीपत्रं होती. कमळाबाई टोपली खाली ठेवून आधी सही करून गेल्या. बुधाजींनी तर आपलं ऐकू येणं आता जाहीरच आहे म्हणून सहा वर्षांत भिंतीपलीकडून जमवलेलं ज्ञान पद्धतशीर सांगितलं. महादेव सर्वांत शेवटी आले.

"माझी जिलबी नाही ना यात?"

"नाही, काका. शप्पथ."

"मग लिही. चाळीतल्या कुणाचंही पाऊल जिन्यावर पडलं, की मी न बघता नाव सांगतो. ड्रायव्हर आहे मी, आवाजावर गाडी चालते माझी." त्यांनी सही केली. मग जरा थांबून म्हणाले, "हिनं काल बोलायला सुरुवात केली. म्हणाली, आठवड्याला एक जिलबी मी देईन, माझ्यासमोर खा. कारलं चालूच आहे." मेघनाला पुन्हा रडू आलं, पण या वेळी ते तिनं आवरलं.

एकच भांडण झालं. सगळ्यांचं म्हणणं पडलं की अहवालात नावं छापलीच पाहिजेत, एवढ्या मेहनतीनं ओळखलंय. मेघनानं हात जोडले. नावं येणार नाहीत म्हणजे नाहीत.

पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता तोंडी परीक्षा होती. अपेक्षा मॅडम स्क्रीनवर दिसत होत्या. शेजारी एक काळा चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, बाह्य परीक्षक. नियमाप्रमाणे त्यांचं नाव गुप्त होतं, कॅमेरा बंद होता, आणि पास-नापास त्यांच्या हातात होतं. मेघना खोलीत टेबलाशी बसली होती. संमतीपत्रांवर सह्या केलेले लोक काही प्रश्न आला तर जवळ असावेत म्हणून गॅलरीत बसले होते, म्हणजे सगळी चाळ. परीक्षकांना तसं सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि आवाज करणार नाही असं चाळीनं कबूल केलं होतं.

परीक्षकांचा आवाज जाड आणि घसा साफ करत बोलणारा होता. "तुमचा दावा मला अतिशयोक्त वाटतो. एका तासात चाळीसपैकी एकोणचाळीस. कुठलंही साधन नाही, प्रशिक्षण नाही. मुद्द्याला धरून बोला, हे शक्य आहे का?"

"सर, ही माणसं एकमेकांना रोज पाहतात…"

"पाहतात म्हणून काय झालं? शास्त्रात असं चालत नाही. नाव काढलं की माणूस सर्वसाधारणपणे सुरक्षित असतो. हा अहवाल मी मान्य करू शकेन असं मला वाटत नाही."

गॅलरीत कुजबुज सुरू झाली होती. परीक्षक मात्र बोलतच होते, आणि त्यांच्या मागून अधूनमधून बाहेरचे आवाज येत होते.

"गाडी मागे घेतायत," महादेव दाराशी हळूच म्हणाले. "दोन शिट्ट्या, थांबून एक. बसचा शेवटचा स्टॉप आहे खाली. आमच्याच रूटचा, शिवडीचा."

"ढेकर दाबतायत, आताच जेवलेत," आनंदीबाई म्हणाल्या. "रविवारी तीनला जेवतो तो माणूस उशिरा उठणारा."

बुधाजींनी डोळे मिटले होते. "मागं बाई बोलतेय. विचारतेय, युरिक अ‍ॅसिडची गोळी घेतलीत का. पथ्याचा माणूस."

"श्श!" मेघना वळून म्हणाली.

"मुद्द्याला धरून बोला," परीक्षक पुन्हा म्हणाले.

कमळाबाई ताडकन उठल्या. "आरे! हे तर माझं गिऱ्हाईक!" आणि कुणी अडवायच्या आत त्या टेबलाशी पोचल्या. "ओ पेडणेकर साहेब! भाव करताना पण हेच बोलता ना तुम्ही, मुद्द्याला धरून सांगा! मंगळवारची सोललेली कोळंबी! दोन पिशव्यांत, घरी वास येऊ नये म्हणून!"

अपेक्षा मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मग त्या काळ्या चौकोनातून, अगदी स्पष्ट, एका बाईचा आवाज आला.

"कोळंबी?"

आणि चौकोन नाहीसा झाला.

कमळाबाईंना आता कळलं होतं की काय झालं ते. त्या खाली बघून पदराशी चाळा करत होत्या. शेवंतीबाईंनी मेघनाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे गो. शिवडी काय लांब नाय." विनीतनं चहा ठेवायला आत धाव घेतली. खरोखरच घेतली, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

अकरा मिनिटांनी चौकोन परत आला. परीक्षकांचा आवाज बराच मऊ झाला होता.

"तुमच्याकडच्या लोकांना किती वेळ लागला?"

मेघनानं घड्याळ पाहिलं. ती कधीच आकडा इकडचा तिकडे करत नसे. "तुम्ही पहिलं वाक्य बोलल्यापासून नऊ मिनिटं, सर."

"नऊ." घसा साफ केल्याचा आवाज. "इथे सगळं ऐकू येत होतं. माझं नाव, राहण्याची जागा, आजार आणि…"

"आणि आहार, सर."

"आहार. होय." पुन्हा घसा साफ झाला. "तिरोडकर मॅडम, मी माझा आक्षेप मागे घेतो. तुमचा अहवाल अतिशयोक्त नाही. उलट जरा सौम्य आहे. माझ्या बाबतीतला हा भाग मात्र अहवालात येऊ नये."

"चौथं कलम आहे, सर," मेघना म्हणाली. "कधीही, कारण न देता."

एक तारखेला सकाळी दहा वाजता सर्टिफिकेट साहेबांच्या टेबलावर होतं आणि साडेदहाला मेघना पाचव्या मजल्यावरच्या नव्या खुर्चीत होती. संध्याकाळी ती मूळ कागद घरी घेऊन आली, तेव्हा चाळीनं तो हातोहात सगळ्या मजल्यांवर फिरवला. विशेष प्रावीण्य असं लिहिलं होतं. खाली परीक्षकाची सही होती, आणि नावाच्या जागी नियमाप्रमाणे नुसता एक क्रमांक छापलेला होता.

"पेडणेकरांनी मार्क चांगले दिले हो," दौलतराव चष्मा पुसत म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

कमळाबाईंनी पेढा घेतला, सर्टिफिकेट दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं आणि मेघनाला परत दिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"लई झ्याक झालं बघ, मेघना. मनापासून सांगते." मग त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पण मंगळवारी पेडणेकर आला नाय. बायको आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आन् माझं वय विचारून गेली."